निकालाचा आकडा छापता, मतदारसंघ कधी छापणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विधानसभेचा २०२४ चा निकाल २३ नोव्हेंबरला लागला. दुसऱ्या दिवशी तुमच्या पेपरसकट सगळ्यांच्या पहिल्या पानावर तेच आकडे होते, भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१ (हे तिघं म्हणजे महायुती), आणि समोर महाविकास आघाडीत, म्हणजे मविआत, ठाकरेंची शिवसेना २०, काँग्रेस १६, शरद पवारांची राष्ट्रवादी १०. वर 'लाट', 'त्सुनामी' अशी हेडिंगं. आतल्या पानावर २८८ नावांची यादी, मतदारसंघ, जिंकलेल्याचं नाव, पक्ष, संपलं. दुसरा कोण आला, किती मतांनी हरला, तिसऱ्याला किती पडली, एकूण मतदान किती झालं, यातलं काहीच नाही. माझी तक्रार तेवढीच आहे पण ती मनापासून आहे, कारण मी तुमचा पेपर कॉलेजपासून वाचतोय आणि निकालाचा पेपर तर मी रद्दीत कधीच देत नाही.

मी नेरुळला राहतो, म्हणजे माझं मत बेलापूर मतदारसंघात. तुमच्या यादीत बेलापूरसमोर लिहिलं होतं मंदा म्हात्रे, भाजप. बरोबरच आहे, त्याच जिंकल्या. पण किती मतांनी, तर ३७७. समोर संदीप नाईक होते, जे तिकीट न मिळाल्यामुळे भाजप सोडून शरद पवारांच्या पक्षात आले होते, आणि शेजारच्या ऐरोलीत त्यांचेच वडील गणेश नाईक भाजपकडून नव्वद हजारांच्या वर लीडने निवडून आले. शिवाय बेलापुरात महायुतीतल्याच एका नाराज नेत्याने अपक्ष फॉर्म भरलेला, मनसेचा उमेदवार वेगळा, आणि या दोघांनाही ३७७ च्या कितीतरी पट मतं मिळाली. आता सांगा, त्या यादीत बेलापूर आणि ऐरोली एकाखाली एक, दोन्हीसमोर 'भाजप' असं छापलेलं वाचून नाशिकच्या किंवा नांदेडच्या वाचकाला काय कळणार, त्याला वाटणार दोन्हीकडे सारखंच झालं. सारखं काहीच नव्हतं हो.

आणि बेलापूर एकटं नाही. मालेगाव मध्य मध्ये एमआयएमचे मुफ्ती इस्माईल १६२ मतांनी आले. साकोलीत काँग्रेसचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष नाना पटोले २०८ मतांनी वाचले. बुलढाण्यात शिंदे सेनेचे संजय गायकवाड ८४१ नी. कर्जत जामखेडला रोहित पवार १,२४३ नी, आणि तिथे हरलेले राम शिंदे महिन्याभरात विधान परिषदेचे सभापती झाले. आता दुसरं टोक बघा, शिरपूरला काशीराम पावरा १,४५,९४४, साताऱ्याला शिवेंद्रराजे १,४२,१२४, परळीत धनंजय मुंडे १,४०,२२४. १६२ पासून १,४५,९४४ पर्यंत सगळे विजय तुम्ही एकाच साइजच्या अक्षरात एकाच ओळीत बसवले.

राज्यात त्या निवडणुकीला १,००,१८६ मतदान केंद्रं होती, म्हणजे एका मतदारसंघाला सरासरी साडेतीनशेच्या आसपास. मग ३७७ मतं म्हणजे किती, तर बूथमागे साधारण एक मत. मालेगावचं १६२ म्हणजे बूथमागे अर्धं सुद्धा नाही. 'माझ्या एका मताने काय होतंय' म्हणून त्या दिवशी घरी बसलेल्या माणसाला हा हिशोब पेपरनेच दाखवायला पाहिजे, मतदान जागृतीच्या जाहिराती पानभर येतात त्यापेक्षा हा एक चौकोन जास्त काम करेल असं मला खरंच वाटतं.

आता लाटेबद्दल. भाजपला २०१४ ला २७.८१ टक्के मतं होती आणि १२२ जागा. २०१९ ला २५.७५ टक्के, १०५ जागा. २०२४ ला २६.७७ टक्के, १३२ जागा. म्हणजे २०१४ पेक्षा टक्का एकने कमी आणि जागा दहाने जास्त! हे कसं झालं, तर २०१४ ला सगळे स्वतंत्र लढले होते, भाजपने २६० जागा लढवल्या, आणि २०२४ ला १४९ च लढवल्या, म्हणजे जिथे आपलं गणित बसतं तिथेच उमेदवार दिला आणि बाकीच्या ठिकाणी आपली मतं मित्रपक्षाला दिली. १४९ पैकी १३२ निवडून आणणं ही प्रचंड मोठी गोष्ट आहे, ते कौतुक त्यांना मिळायलाच पाहिजे, मी काही कुठल्या पक्षाचा नाही. पण हे कौतुक संघटनेचं आहे, जागावाटपाचं आहे, एकमेकांना मतं ट्रान्सफर करण्याचं आहे. नुसतं 'लाट' म्हटलं की ते सगळं झाकलं जातं आणि वाचकाला वाटतं की अख्खं राज्य एका रात्रीत इकडचं तिकडे झालं.

सहा महिने आधी जूनमध्ये लोकसभेचा निकाल लागला तेव्हाही हेच, मविआ ३०, महायुती १७, सांगलीला विशाल पाटील अपक्ष. तेव्हा उलट्या बाजूची लाट छापली होती. प्रत्यक्षात लोकसभेला राज्यभरातली दोन्ही आघाड्यांची मतं जवळजवळ सारखी होती. आणि मुंबई वायव्यला तर रवींद्र वायकर फक्त ४८ मतांनी आले, अख्ख्या लोकसभा मतदारसंघात ४८.

दोन राष्ट्रवादींचे आकडे तर मला कित्येक लोकांना समजावून सांगावे लागले. शरद पवारांच्या पक्षाला ११.२८ टक्के मतं आणि जागा १०. अजित पवारांच्या पक्षाला ९.०१ टक्के मतं आणि जागा ४१. व्हॉट्सअॅपवर हे फिरायला लागलं आणि लोक म्हणायला लागले की बघा काहीतरी घोळ आहे, जास्त मतं तरी कमी जागा. अरे पण एकाने ८६ जागा लढवल्यात आणि दुसऱ्याने ५९. टक्केवारी काढताना भागतात अख्ख्या राज्याच्या मतांनी, जिथे उमेदवारच नव्हता तिथली मतं सुद्धा त्या भागाकारात धरली जातात. ५९ जागांवर मिळून राज्याच्या ९ टक्के मतं घेतली म्हणजे त्या ५९ मतदारसंघांत त्यांची मतं चाळीस टक्क्यांच्या पुढे मागे असणार, आणि ८६ जागांवर ११ टक्के म्हणजे तिथे सरासरी त्यापेक्षा कमी. सातवीचं गणित आहे हे. पण लढवलेल्या जागांचा कॉलम शेजारी असेल तरच ते कळतं, आणि तो कॉलम कुठल्याच पेपरने शेजारी दिला नाही, टीव्हीवाल्यांनी तर नाहीच नाही. मग संशय वाढणारच.

याचा अर्थ सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाहीये. महायुतीच्या तीन पक्षांची मिळून मतं ४८ टक्के आणि जागा २३०, म्हणजे ८० टक्के. मविआच्या तिघांची मिळून ३३-३४ टक्के आणि जागा ४६, म्हणजे १६ टक्के. आपल्याकडची पद्धतच अशी आहे की ज्याला एक मत जास्त तो सगळं घेऊन जातो, आणि पद्धत दोन्ही बाजूंना सारखीच लागू आहे. पण त्याचा परिणाम असा झाला की विरोधी पक्षनेतेपदासाठी एकूण जागांच्या दहा टक्के, म्हणजे २९ आमदार लागतात असा जो संकेत आहे, तेवढे एकाही विरोधी पक्षाचे आले नाहीत. तीनातल्या एका मतदाराने ज्यांना मत दिलं त्यांच्यातल्या कुणाकडेही तेवढं संख्याबळ नाही. ही किती मोठी बातमी होती सांगा, ती आठव्या पानावर आली.

आंबेगावचं घ्या. अजित पवारांच्या पक्षाचे दिलीप वळसे पाटील १,५२३ मतांनी जिंकले, समोर शरद पवारांच्या पक्षाचे देवदत्त निकम. त्याच मतदारसंघात अगदी त्याच नाव-आडनावाचा आणखी एक उमेदवार उभा होता, चिन्ह ट्रम्पेट, ज्याला लोक पिपाणी म्हणतात. त्याला मतं पडली २,९६५. खऱ्या उमेदवाराचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. लोकसभेला साताऱ्यात चिन्हाचं असंच झालं होतं, शरद पवारांच्या पक्षाचे शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनी हरले आणि ट्रम्पेटवाल्या अपक्षाला ३७ हजारांच्या वर मतं गेली. ती सगळी मतं चुकूनच गेली असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण पहिल्या चार उमेदवारांची मतं छापली असती तर वाचकाला निदान प्रश्न तरी पडला असता. सत्तर पंच्याहत्तर वर्षांची बाई बूथमध्ये जाते, मशीनवर तेव्हा नावं बारीक, चित्रं काळी पांढरी, बाहेर लाईन, तिला दोन सारखी नावं दिसल्यावर काय वाटत असेल याचा विचार करा.

माहीमला ठाकरे सेनेचे महेश सावंत ५०,२१३, शिंदे सेनेचे सदा सरवणकर ४८,८९७, मनसेचे अमित ठाकरे ३३,०६२. या तीन आकड्यांत मुंबईतल्या मराठी मतांचं काय झालं ते सगळं आहे. तुमच्या यादीत मात्र फक्त 'माहीम, महेश सावंत, शिवसेना उबाठा'. संगमनेरला १९८५ पासून सलग निवडून येणारे बाळासाहेब थोरात १०,५६० मतांनी पडले, सांगोल्यात गणपतराव देशमुखांचा नातू शेकापकडून (शेतकरी कामगार पक्ष) जिंकून आला आणि शिवसेनेचे दोन्ही गट तिथे एकमेकांविरुद्ध होते. या एकेका मतदारसंघावर एकेक लेख होईल.

मी शिक्षक आहे आणि इलेक्शन ड्युटी आम्हा लोकांना चुकत नाही, म्हणून एक गोष्ट आतून बघितलेली सांगतो. मतदान संपायची वेळ सहाची. सहाला गेट लावतात आणि आत जेवढे लोक लाईनीत उभे असतील त्यांना केंद्राध्यक्ष सहीच्या चिठ्ठ्या देतात, आणि त्या द्यायच्या शेवटच्या माणसापासून सुरुवात करून पुढे, म्हणजे मागून कुणी नवीन घुसू शकत नाही. कामावरून सुटून लोक येतात ते पाचनंतरच, त्यामुळे कधी कधी रात्री आठपर्यंत मशीनचा बीप चालू असतो. मग कंट्रोल युनिटचं क्लोज बटण दाबायचं, टोटल बघायची, रजिस्टरवर जेवढ्या सह्या तेवढीच टोटल आली का ते जुळवायचं, आणि सतरा सी नंबरचा फॉर्म भरायचा. त्या फॉर्मची कॉपी तिथे बसलेल्या प्रत्येक पक्षाच्या एजंटला देतात, सही घेऊन. दमलेले एजंट तो कागद घडी घालून खिशात टाकतात आणि जातात. पण त्या कागदात त्या बूथवर एकूण किती मतं पडली तो आकडा शाईने लिहिलेला असतो. मतमोजणीला चौदा टेबलं लागतात, मशीनवर रिझल्टचं बटण दाबल्यावर जी टोटल येते ती त्याच आकड्याशी जुळवून घ्यायची असते.

हे एवढ्यासाठी सांगतोय की २० नोव्हेंबरला संध्याकाळी पाचचा आकडा ५८.२२ टक्के आला आणि शेवटचा ६६.०५. मधल्या वाढीवरून किती गदारोळ झाला ते तुम्ही छापलंच आहे, एकाने आरोप केला, दुसऱ्याने उत्तर दिलं, दोन्ही छापलं. पण प्रत्येक तालुक्यात तुमचे वार्ताहर आहेत, त्यांनी एखाद्या मतदारसंघातल्या शे-दीडशे बूथचे सतरा सी गोळा करून मोजलेल्या मतांशी ताडून बघितले असते आणि जे निघालं ते छापलं असतं तर आम्हाला आरोपावरही अवलंबून राहायला नको आणि खुलाशावरही. कागद उपलब्ध आहे, तीन-चार पक्षांच्या एजंटांकडे आहे, मागायला कुणी गेलं नाही.

मारकडवाडी आठवते ना? माळशिरस मतदारसंघातलं गाव, तिथून शरद पवारांच्या पक्षाचे उत्तम जानकर निवडून सुद्धा आले, पण गावात भाजपच्या राम सातपुतेंना १,००३ आणि जानकरांना ८४३ असं निघालं. गावकरी म्हणाले हे आम्हाला पटत नाही, आम्ही बॅलटवर परत मतदान घेऊन बघतो. ३ डिसेंबरची तारीख ठरवली, जमावबंदी लागली, पोलीस आले, ते थांबलं. गावाचं म्हणणं बरोबर होतं की चूक तो भाग वेगळा. माझा मुद्दा असा की एका गावाला आपल्या बूथचा आकडा इतका महत्त्वाचा वाटतो की ते स्वतःच्या खर्चाने मतदान घ्यायला निघतं, आणि तुम्ही पेपरवाले मतदारसंघाचा आकडा सुद्धा छापत नाही.

काही लोक म्हणतील बूथवार आकडे छापू नका, कारण मग कुठल्या वस्तीने कुणाला मत दिलं ते कळतं आणि नंतर त्या वस्तीचं पाणी, रस्ता अडवला जातो. ही भीती खोटी नाही, गावागावात हे होतं. म्हणूनच अनेक बूथची मतं एकत्र करून मोजणारं टोटलायझर मशीन वापरावं असं निवडणूक आयोगाने सुचवलं होतं, विधी आयोगानेही २०१५ मध्ये तशी शिफारस केली, सरकारने ते मान्य केलं नाही. पण आजच्या घडीला परिस्थिती अशी आहे की बूथवार आकडे प्रत्येक पक्षाकडे आहेत, मोजणीच्या टेबलावर त्यांचा माणूस वही घेऊन बसलेला असतो, नगरसेवकाला पाठ असतं कुठल्या सोसायटीने किती दिली. ज्याला पाणी अडवायचंय त्याच्याकडे आकडा आहेच. नाहीये तो मतदाराकडे. मग लपवून फायदा कुणाचा होतो?

आणि एक, मतदारसंघांचा आकार. आत्ताच्या सीमा २००८ च्या, त्याही २००१ च्या जनगणनेवर, पहिल्यांदा २००९ ला वापरल्या. तेव्हापासून शहरं कुठल्या कुठे गेली. राज्यात सरासरी एका आमदारामागे साडेतीन लाखांच्या आत मतदार, पण चिंचवड आणि पनवेलला दोन्हीकडे सहा लाखांच्या वर. म्हणजे तिथल्या माणसाच्या मताचं वजन जवळपास अर्धं. पुढच्या काही वर्षांत फेररचना होणार, महिला आरक्षणही तिच्याशीच जोडलंय (२०२४ ला २८८ मध्ये जेमतेम २१ महिला निवडून आल्या, त्याच्या आधीच्या वेळी २४ होत्या). ती फेररचना होईल तेव्हा लोकांना आपला मतदारसंघ किती मोठा, किती मतदान होतं हे माहीत असेल तरच हरकती घेता येतील ना.

तर माझी मागणी साधी आहे. निकालानंतरच्या रविवारी एक पुरवणी काढा. प्रत्येक मतदारसंघाला एक चौकोन, त्यात एकूण मतदार, झालेलं मतदान, पहिल्या चौघांची नावं आणि मतं, 'नोटा'ची (वरीलपैकी कुणीही नको) मतं, फरक, आणि खाली बारीक अक्षरात मागच्या वेळचे तेच आकडे. पक्षांच्या तक्त्यात जागा आणि टक्क्यांबरोबर लढवलेल्या जागा. दहा-बारा पानांत सहज बसेल, दिवाळीच्या खरेदीच्या पुरवण्या यापेक्षा जाड असतात. जिल्हा आवृत्तीत त्या त्या तालुक्याचे बूथवार आकडे टाका, ते फॉर्म २० मध्ये, म्हणजे मतमोजणीच्या अंतिम निकालपत्रात, असतातच. तो फॉर्म मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या साईटवर येतो, पण जुन्या वर्षांचे बरेचसे स्कॅन करून टाकलेत, सर्च होत नाहीत, मोबाईलवर तर वाचताच येत नाहीत. तुमच्या वेबसाईटवर ते मराठीत, शोधता येतील असे ठेवले आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत काढले नाहीत तर कॉलेजची मुलं, गावातले कार्यकर्ते, आमच्यासारखे शिक्षक सगळ्यांना उपयोग होईल. आणि यासाठी पुढच्या निवडणुकीची वाट बघायला नको, २०२४ चे आकडे आजही छापता येतात.

मनुष्यबळाचा प्रश्न असेल तर बेलापूर आणि ऐरोली या दोन मतदारसंघांचे फॉर्म २० मधले आकडे मराठीत टाइप करून, दोनदा तपासून द्यायची माझी तयारी आहे, शाळेतले दोन सहकारीही तयार आहेत, मानधन नको. एक्सेलमध्ये कुठले कॉलम कसे पाहिजेत तेवढं तुमच्या ऑफिसमधून कळवा, सुट्टी लागली की कामाला लागतो.

आपला,
एक शिक्षक वाचक,
नेरुळ, नवी मुंबई